एकदाच दिसलेले ग्रह

एक ग्रह आहे. त्याचा फोटो नाही. तो ज्या ताऱ्याभोवती फिरतो त्याचाही धड फोटो नाही. २००५ सालच्या ऑगस्टमध्ये साधारण एक दिवस तो जाणवला, त्यानंतर आजपर्यंत परत जाणवलेला नाही, आणि तुमच्या-माझ्या हयातीत परत जाणवेल याची शक्यता जवळजवळ शून्य. तरी तो ग्रहांच्या अधिकृत यादीत आहे, त्याचं वजन छापलंय, ताऱ्यापासूनचं अंतर छापलंय, आणि या विषयातली माणसं त्याबद्दल अगदी शांतपणे, जणू काल भेटून आल्यासारखी बोलतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की हे जरा अतीच होतंय, एकदा काहीतरी चमकलं आणि तुम्ही त्यावरून ग्रह काढला?

हो, काढला. आणि माझं म्हणणं असं की परग्रह शोधायच्या सगळ्या पद्धतींमध्ये ही मायक्रोलेन्सिंगची पद्धत, म्हणजे पुढच्या ताऱ्याच्या गुरुत्वाने मागच्या ताऱ्याचा उजेड थोडे दिवस वाढतो तो मोजायची, सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि तिचं ऐकायला आपण शिकलो नाही तर आकाशगंगेत ग्रह किती आणि कसले याचं आपलं उत्तर कायम अर्धवट राहणार. सापडलेले परग्रह आता सहा हजारांच्या वर गेलेत, त्यातले बहुतेक ट्रान्झिटने, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो तो मोजून. मायक्रोलेन्सिंगचे दोनशेहून थोडे जास्त. आकडा बघून कोणी तिला बाजूला टाकत असेल तर टाकू नका, का ते खाली सांगतो.

आधी मूळ गोष्ट. वस्तुमान असलं की त्याच्या जवळून जाणारा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनने सांगितलं आणि १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात ते मोजलं गेलं, सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण १.७५ आर्कसेकंद वाकतो, म्हणजे एका अंशाचा दोन हजारावा भाग. आता सूर्याच्या जागी हजारो प्रकाशवर्षं दूरचा एखादा तारा घ्या आणि त्याच्या बरोब्बर मागे, आणखी काही हजार प्रकाशवर्षांवर, दुसरा तारा. मागच्या ताऱ्याचा प्रकाश पुढच्याच्या सगळ्या बाजूंनी वाकून आपल्याकडे येतो, म्हणजे आपल्याला मागचा तारा ठिपका न दिसता कडं दिसायला हवा. तेच आइन्स्टाइन रिंग. रेषा थोडी चुकली की कड्याच्या जागी दोन प्रतिमा होतात, एक कड्याच्या बाहेर, एक आत.

पण हे कडं किती मोठं? आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांसाठी साधारण अर्धा ते एक मिलिआर्कसेकंद. जमिनीवरच्या दुर्बिणीतून वातावरणामुळे तारा जेवढा पसरट दिसतो त्याच्या हजारावा भाग. त्यामुळे कडं, प्रतिमा, हे काहीही डोळ्याला दिसत नाही. दिसतं ते फक्त एवढंच की मागचा तारा काही दिवस उजळतो आणि मग पूर्ववत होतो, कारण वाकून आलेला जास्तीचा प्रकाश आपल्या दुर्बिणीत पडतो. मागचा तारा कड्याच्या त्रिज्येइतका बाजूला असेल तर उजेड १.३४ पट, त्रिज्येच्या दहाव्या भागाइतका जवळ असेल तर दहा पट. बस. सगळं शास्त्र या एका वाढण्या-घटण्याच्या आलेखावर उभं आहे.

याची जन्मकथा मला फार आवडते. १९३६ साली रुडी मांडल नावाचा एक चेक इंजिनिअर, हौशी माणूस, प्रिन्स्टनला आइन्स्टाइनकडे गेला आणि म्हणाला की तारा भिंगासारखा वागू शकतो, तुम्ही हे छापा. आइन्स्टाइनने मांडलच्या आग्रहाखातर 'सायन्स'मध्ये छोटासा लेख दिला, त्यातच लिहून टाकलं की हे प्रत्यक्ष बघायला मिळण्याची फारशी आशा नाही, आणि संपादकाला पत्रात कळवलं की या लेखात फार काही नाही पण त्या बिचाऱ्याला बरं वाटेल. गंमत म्हणजे १९९७ साली इतिहासकारांनी दाखवून दिलं की हेच गणित आइन्स्टाइनच्या १९१२च्या वहीत आधीच केलेलं होतं, नंतर बहुतेक तो ते विसरूनच गेला. म्हणजे मांडल नसता तर ते वहीतच पडून राहिलं असतं. हौशी लोकांना हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, पुढे अजून येणार आहेत.

आइन्स्टाइनचं चुकलं असंही म्हणता येत नाही, त्याचा हिशोब बरोबरच होता. दोन तारे इतके नेमके एका रेषेत येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. आकाशगंगेच्या मध्याकडे, म्हणजे आपल्या धनू राशीच्या दिशेला, जिथे ताऱ्यांची सगळ्यात जास्त गर्दी आहे तिथेही कोणत्याही क्षणी दहा लाख ताऱ्यांपैकी जेमतेम एक-दोन अशा भिंगामागे असतात. १९३६ साली फोटोच्या काचेच्या पट्ट्यांवर दहा लाख ताऱ्यांचा उजेड रोज कोण मोजणार होतं?

मग मधली पन्नास वर्षं जवळपास तशीच. अधूनमधून लोक लिहीत होते, १९६४मध्ये लीब्स आणि रेफ्सदाल या दोघांनी वेगवेगळं बरंच गणित मांडलं, पण खरी हालचाल झाली ती १९८६ला. बोहदान पाचिंस्की नावाचा पोलिश शास्त्रज्ञ, तोही प्रिन्स्टनलाच. त्याला ग्रहांशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याचा प्रश्न होता डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्व जाणवणारं द्रव्य. आकाशगंगेच्या बाहेरच्या भागात न दिसणारी जड वस्तूंची गर्दी असेल तर त्या लार्ज मॅजेलॅनिक क्लाउड या शेजारच्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांसमोरून जातील आणि तारे उजळतील, तेव्हा लाखो ताऱ्यांवर एकदम नजर ठेवा. तोवर सीसीडी कॅमेरे आले होते, कॉम्प्युटर आले होते, आणि १९९३ला माचो, एरॉस आणि ओगल या तिन्ही गटांनी पहिल्या घटना जाहीर केल्या. डार्क मॅटर काही त्यात निघालं नाही, म्हणजे ते अशा वस्तूंचं बनलेलं नाही हे कळलं, आणि तेही काही कमी नाही. पण मोहीम संपली तरी यंत्रणा तयार राहिली, आणि १९९१लाच पाचिंस्कीने शुडे माओसोबत लिहून ठेवलं होतं की भिंग झालेल्या ताऱ्याला ग्रह असेल तर तोही आलेखात दिसेल. डार्क मॅटरसाठी विणलेल्या जाळ्यात ग्रह सापडायचे होते.

आता ग्रह कसा दिसतो. पुढचा तारा एकटा असेल तर आलेख एकदम गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखा, एक टेकाड. त्याला पाचिंस्की कर्व्हच म्हणतात. आणि हा उजेड सगळ्या रंगांत सारखाच वाढतो कारण गुरुत्वाकर्षण लाल-निळा भेद करत नाही, त्यामुळे नेहमीचे रूपविकारी तारे, जे फुगतात-आकसतात आणि रंगही बदलतात, ते वेगळे काढता येतात. शिवाय ते परत परत उजळतात, हा एकदाच. आता पुढच्या ताऱ्याला ग्रह असेल आणि मागच्या ताऱ्याच्या दोन प्रतिमांपैकी एक नेमकी त्या ग्रहाजवळून सरकली तर ग्रहाचं स्वतःचं इवलंसं गुरुत्व तिला परत एकदा वाकवतं. टेकाडाच्या अंगावर एक बारीक खिळा उगवतो, किंवा खड्डा पडतो.

तारा आणि ग्रह मिळून जे भिंग होतं ते साधं गोल राहत नाही. उन्हात पाण्याच्या टाकीच्या तळाशी उजेडाच्या ज्या टोकदार रेघा नाचताना दिसतात, अगदी तशाच रेघा हे भिंग अवकाशात उमटवतं, त्यांना कॉस्टिक म्हणतात, आणि मागचा तारा अशी रेघ ओलांडतो तेव्हा उजेड एकदम उसळतो. ही नुसती उपमा नाही बरं का, दोन्हीकडचं गणित खरोखर एकाच जातीचं आहे.

किती वेळ टिकतो हा खिळा? कड्याचा आकार वस्तुमानाच्या वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे हिशोब तोंडी करता येतो. सूर्याएवढा तारा भिंग असेल तर घटना साधारण महिनाभर चालते. गुरू सूर्याच्या हजारावा भाग, हजाराचं वर्गमूळ बत्तीसच्या आसपास, म्हणजे महिन्याचा बत्तिसावा भाग, एक दिवस. पृथ्वी सूर्याच्या तीन लाखावा भाग, वर्गमूळ साडेपाचशे, म्हणजे तास-दीड तास. आणि इथेच या पद्धतीची खरी ताकद आहे जी बहुतेक लेखांत एका ओळीत उरकतात: ग्रह लहान झाला म्हणून खिळा लहान होत नाही, तो फक्त अरुंद होतो. ट्रान्झिटमध्ये छोटा ग्रह म्हणजे छोटी खूण, ती गोंगाटात बुडते. इथे पृथ्वीएवढा ग्रहसुद्धा चांगला दणदणीत खिळा देऊ शकतो, तुम्ही तेवढा तास-दीड तास जागे असलात तर. (मागचा तारा मात्र छोटा हवा. तो फुगलेला राक्षसी तारा असेल तर त्याचा आकारच ग्रहाच्या कड्याहून मोठा होतो आणि खिळा पसरून जातो.)

तर जागं राहणं हा इथे मुख्य धंदा. ओगल हा वॉर्सा विद्यापीठाचा गट, आंद्जेय उदाल्स्की त्याचा म्होरक्या, चिलीमध्ये लास कंपानासला त्यांची १.३ मीटरची दुर्बीण. न्यूझीलंडमध्ये माउंट जॉनवर जपान आणि न्यूझीलंडचा मोआ गट, १.८ मीटर. २००३ला या दोघांनी मिळून पहिला पक्का ग्रह पकडला, जाहीर झाला २००४ला, गुरूच्या जातीचा. तेव्हाची पद्धत अशी की हे दोघे लाखो-कोटी ताऱ्यांवर नजर टाकून 'अमुक तारा उजळायला लागलाय' असा अलर्ट देणार आणि मग जगभरातल्या छोट्या दुर्बिणी त्या एका ताऱ्यावर डोळ्यांत तेल घालून बसणार, चिलीत उजाडलं की न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया, तिथे उजाडलं की दक्षिण आफ्रिका.

सुरुवातीला ज्याचं सांगितलं तो ग्रह असाच सापडला. नाव ओगल-२००५-बीएलजी-३९०एलबी, म्हणजे ओगलने २००५ साली आकाशगंगेच्या मध्याकडे दिलेल्या अलर्टपैकी ३९०वा. अलर्ट ११ जुलैचा. ३१ जुलैला उजेड शिखरावर पोचला, जेमतेम तिप्पट, म्हणजे काही खास नाही, दरवर्षी असे शेकड्याने असतात. शिखर गेलं, आलेख उतरायला लागला, आणि इथे खरं तर कोणीही दुसऱ्या ताऱ्याकडे वळलं असतं. पण प्लॅनेट नावाच्या गटाने मोजणी चालू ठेवली. १० ऑगस्टला उतरणीवरच चिलीतल्या ला सिलाच्या डॅनिश दुर्बिणीने काढलेले बिंदू वक्राच्या वर जायला लागले, पुढे ऑस्ट्रेलियात पर्थच्या दुर्बिणीनेही तेच पाहिलं, आणि दिवसभरात सगळं परत मूळ वक्रावर. ओगल आणि मोआने आपापला डेटा उघडून बघितला तर त्यांच्याकडेही तो उंचवटा होता. यातून निघालं की भिंग म्हणजे वजनाने सूर्याच्या पाचव्या भागाएवढा एक लाल बुटका तारा, वीसेक हजार प्रकाशवर्षं दूर, आणि त्याच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीच-पावणेतीन पट लांब साधारण साडेपाच पृथ्वींच्या वजनाचा ग्रह. तापमान उणे २२० सेल्सिअसच्या आसपास. जानेवारी २००६मध्ये जाहीर झालं तेव्हा साध्या ताऱ्याभोवतीचा एवढा हलका ग्रह दुसऱ्या पद्धतींना क्वचितच सापडत होता, तेही ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे.

ओगल त्यांच्या साइटवर या अलर्टचे आकडे उघडे ठेवतं, साधी टेक्स्ट फाइल, पहिल्या रकान्यात ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी), मग प्रत, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, मग चूक किती असू शकते तो आकडा. १० ऑगस्ट २००५ म्हणजे २४५३५९२ने सुरू होणारी ओळ. अशी फाइल उघडून बसलं की या धंद्याची नाडी कळते, पानभर आकडे, सगळे जवळपास सारखे, मधल्या काही रात्री गायबच कारण ढग होते किंवा चंद्र अगदी जवळ होता. मी पोटापाण्यासाठी दिवसभर ग्राफच बघतो, त्यामुळे असं पान बघून माझ्या मनात पहिला विचार हाच येतो की खिळा नेमका त्या गायब रात्री आला असता तर? किती ग्रह असे ढगात गेले असतील. हा प्रश्न सुटला तो कोरियन लोकांमुळे. त्यांनी एकसारख्या १.६ मीटरच्या तीन दुर्बिणी बांधल्या, चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया, नाव केएमटीनेट, म्हणजे दक्षिण गोलार्धात कुठे ना कुठे रात्र असतेच. अलर्ट द्या मग धावा हा प्रकारच बराचसा संपला, मोठ्या कॅमेऱ्याने सगळंच सतत टिपायचं आणि नंतर निवांत शोधायचं. आता दरवर्षी दोनेक हजार घटना मिळतात, आणि नवे ग्रह बहुतेक त्यांच्याच डेटातून निघतायत.

आता मुद्द्यावर येतो, एकदाच दिसलेल्या ग्रहांची एवढी मातब्बरी का.

बाकीच्या पद्धती बघा. ट्रान्झिटसाठी ग्रहाने परत परत ताऱ्यासमोरून जायला हवं, म्हणजे जवळून फिरणारे, दिवसा-आठवड्यात फेरी मारणारे ग्रह पटापट सापडतात. आपला गुरू एका फेरीला जवळपास बारा वर्षं घेतो, शनी एकोणतीस, नेपच्यून एकशे पासष्ट. दुसऱ्या कुठल्या ताऱ्यावर बसून कोणी आपल्याकडे ट्रान्झिटने बघत असेल तर नेपच्यून सापडायला किती पिढ्या लागतील हिशोब करा. तारा डगमगतो ते मोजायच्या पद्धतीचंही तेच, पूर्ण फेरी बघायला हवी. प्रत्यक्ष फोटो फक्त तरुण, गरम, प्रचंड ग्रहांचे. मायक्रोलेन्सिंगला फेरीची गरजच नाही, ती एका क्षणाचं चित्र घेते. आणि बोलाफुलाला गाठ अशी की आकाशगंगेतल्या नेहमीच्या अंतरांवर आइन्स्टाइन रिंगची त्रिज्या पडते दोन-तीन पृथ्वी-सूर्य अंतरं, म्हणजे ही पद्धत सगळ्यात तिखट नेमकी तिथेच आहे जिथे पाण्याचं बर्फ व्हायला सुरुवात होते, आणि ग्रहनिर्मितीची थिअरी म्हणते की गुरूसारखे मोठे ग्रह त्याच रेषेपलीकडे बनतात. थिअरी तपासायची तर तिथलीच मोजणी हवी, आणि तिथलीच मोजणी दुसऱ्यांकडे कमी.

म्हणून 'हा ग्रह परत बघता येत नाही' ही तक्रार मला पटत नाही. या एका ग्रहाचं चरित्र लिहायचंच नाहीये. शितावरून भाताची परीक्षा करायची आहे, आणि शित एकदा दाबून बघितलं की झालं, तेच परत दाबायला लागत नाही. पुढचं दाबा. इथे अट एकच, किती ठिकाणी बघितलं आणि काही नाही सापडलं तेही तेवढंच नीट मोजायला हवं. ते काम या लोकांनी चोख केलंय. २०१२ला कासाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या निरीक्षणांवरून काढलं की आकाशगंगेत सरासरी दर ताऱ्यामागे एकाहून जास्त ग्रह आहेत, म्हणजे ग्रह असणं हा नियम, नसणं हा अपवाद. त्याच हिशोबात गुरूसारखे फक्त सहाव्या हिश्श्याच्या आसपास ताऱ्यांकडे, हलके ग्रह कितीतरी जास्त. आणि २०२५ला केएमटीनेटच्या डेटावरून आलं की गुरूएवढ्या लांबच्या कक्षांतही सुपर-अर्थ, म्हणजे पृथ्वीपेक्षा मोठे आणि नेपच्यूनपेक्षा छोटे ग्रह, भरपूर आहेत, दर तीन ताऱ्यांमागे एक या हिशोबाने. आपल्या सूर्यमालेत तर या आकाराचा एकही नाही! मला हे वाचून जरा चिडायलाच झालं, जो माल विश्वात सगळीकडे मिळतो तोच नेमका आपल्या घरी नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर हा प्रचार होईल. आलेखातून थेट काय मिळतं? ग्रह आणि ताऱ्याच्या वजनांचं गुणोत्तर, आणि दोघांमधलं अंतर कड्याच्या त्रिज्येच्या किती पट. एवढंच. ताऱ्याचं खरं वजन किती, तो किती लांब, हे त्या एका टेकाडातून सुटत नाही, जड आणि हळू तारा आणि हलका पण वेगाने जाणारा तारा सारखंच टेकाड काढू शकतात. मग आकाशगंगेचं मॉडेल घेऊन 'बहुधा असा असेल' म्हणून वजन काढतात. ३९०च्या ग्रहाचं साडेपाच पृथ्वी हे वजनही असंच आहे, वर-खाली बरीच मोकळीक सोडून छापलेलं, दुप्पटही असू शकतं आणि निम्मंही. आणि कधी कधी तर ग्रह कड्याच्या आत की बाहेर याची दोन उत्तरं येतात आणि आलेख दोघांनाही सारखाच बसतो.

हे सगळं मूळ पेपरमध्ये प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. बातमीत येताना ते गळतं. मग निळसर चकाकता गोळा, त्यावर ढग, मागे लाल सूर्य, असं चित्र लावून 'दुसरी पृथ्वी सापडली' म्हणून फॉरवर्ड फिरतो आणि ज्याची त्रिज्या, रंग, हवा यातलं काही एक माहीत नाही अशा ग्रहाचे समुद्रकिनारे आपल्याला दिसायला लागतात. चित्राला माझा विरोध नाही, पण त्याच्या शेजारी तो खडबडीत ठिपक्यांचा आलेख छापा ना, खरा ग्रह तोच आहे.

वजनाचा गुंता सोडवायचे मार्ग मात्र आहेत. एक म्हणजे दोन ठिकाणांहून बघणं. स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण पृथ्वीपासून इतकी लांब गेली होती की तिला तीच घटना वेगळ्या वेळी, वेगळ्या उंचीची दिसायची, त्या फरकावरून भिंगाच्या ताऱ्याचं अंतर आणि वजन पकडता येतं. २०१४ ते २०१९ असा तिचा त्यासाठी वापर केला. दुसरा मार्ग नुसता थांबायचा. पुढचा आणि मागचा तारा आकाशात वर्षाला काही मिलिआर्कसेकंद वेगळे सरकत जातात, म्हणजे आठ-दहा वर्षांनी हबल किंवा हवाईच्या केक दुर्बिणीसारख्या मोठ्या दुर्बिणीने बघितलं तर दोघे वेगवेगळे दिसायला लागतात, आणि मग पुढच्याचा उजेड मोजला की वजन हातात. २००५च्या एका घटनेसाठी हे २०१५मध्ये हबल आणि केक दोघांनी करून दाखवलं, दोघांची उत्तरं जुळली. ज्याला वाटत होतं की ही पद्धत तपासताच येत नाही त्याला हे उत्तर.

यातलाच एक किस्सा तर भन्नाट आहे. २०१०ची मोआची एक घटना, गुरूपेक्षा थोडा जड ग्रह. काही वर्षांनी केकने ताऱ्याला शोधायला गेले, जागा माहीत, किती तेजस्वी असायला हवा ते माहीत, आणि तिथे काहीच नाही. दरवेळी काहीच नाही. साधा तारा असता तर दिसलाच असता, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर म्हणावं तर वजन जुळत नाही, उरलं काय, श्वेतबटू. म्हणजे सूर्यासारखा तारा म्हातारा होऊन, फुगून, विझून गेला आणि त्याचा गुरू मात्र अजून तिथेच फिरतोय. २०२१ला छापून आलं. तारा दिसला नाही हाच शोध! आपल्या गुरूचंही पाचेक अब्ज वर्षांनंतर बहुधा असंच होणार.

हौशींचं सांगतो म्हणालो होतो. २००५च्या आणखी एका ग्रहाच्या शोधात ऑकलंडच्या दोन हौशी निरीक्षकांनी स्वतःच्या छोट्या दुर्बिणींनी काढलेले बिंदू होते, आणि शोधनिबंधावर त्यांची नावं व्यावसायिकांच्या जोडीने छापली गेली. अँड्र्यू गूल्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने असे लोक हेरून त्यांचं जाळंच बांधलं होतं, मायक्रोफन नावाचं, कारण मागचा तारा अगदी नेमका रेषेत आला की उजेड शंभर-दोनशे पट होतो आणि तेव्हा अंगणातली दुर्बीणही पुरते, फक्त माणूस योग्य रात्री योग्य देशात जागा पाहिजे. आणि २०१७ला कोजिमा या जपानी हौशी निरीक्षकाला वृषभ राशीत, म्हणजे आकाशगंगेच्या मध्याच्या बरोब्बर उलट्या दिशेला, जिथे कोणी भिंगं शोधतही नाही, एक तारा उजळलेला दिसला. तेही मायक्रोलेन्सिंगच निघालं. भिंग फक्त दीडेक हजार प्रकाशवर्षांवर, त्याला नेपच्यूनच्या वजनाचा ग्रह, आणि इतकं जवळ असल्यामुळे चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणी एकत्र जोडणाऱ्या ग्रॅव्हिटी यंत्राने त्या दोन प्रतिमा पहिल्यांदाच खरोखर वेगळ्या करून बघितल्या. आइन्स्टाइन म्हणाला होता दिसणार नाहीत, त्या दिसल्या, ऐंशीएक वर्षांनी.

राहिले ते बेवारस ग्रह, कुठल्याच ताऱ्याभोवती न फिरणारे, मालेतून फेकले गेलेले. यांना शोधायला दुसरी पद्धत जवळपास नाहीच, कारण यांना स्वतःचा उजेड नाही आणि अडवायला जवळ कोणाचा नाही. मायक्रोलेन्सिंगला चालतं, तिला फक्त वजन लागतं. २०११ला मोआच्या डेटावरून असा अंदाज आला की गुरूएवढे भटके ग्रह ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहेत, खूप गाजलं. २०१७ला ओगल गटातल्याच प्शेमेक म्रूझने ओगलच्या कितीतरी मोठ्या डेटावर तेच तपासलं आणि हा आकडा धाडकन खाली आला, चार ताऱ्यांमागे फार तर एक. हे मला आवडलं, एकदाच दिसणाऱ्या गोष्टींचं शास्त्रसुद्धा स्वतःची झाडाझडती घेऊ शकतं, तीच घटना परत बघून नाही तर जास्त घटना बघून. म्रूझनेच २०२०मध्ये २०१६च्या एका घटनेचा आलेख दिला, तिचा कालावधी ४१ मिनिटं. महिना नाही, दिवस नाही, ४१ मिनिटं. वजन मंगळ ते पृथ्वीच्या दरम्यान कुठेतरी, आसपास तारा सापडला नाही. एवढ्या वेळात आपलं एक ऑनलाइन मीटिंग संपत नाही.

आता सगळ्यांचे डोळे नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीकडे आहेत. नॅन्सी रोमन ही नासाच्या खगोलविभागाची पहिली प्रमुख, तिच्या नावाची ही अवकाश दुर्बीण, आरसा हबलएवढाच २.४ मीटरचा पण एका फोटोत हबलच्या शंभरपट आकाश, मे २०२७च्या आत पाठवायची असं नासाचं ठरलेलं. ती इन्फ्रारेडमध्ये बघते, त्यामुळे आकाशगंगेच्या मध्याकडची धूळ फारशी आडवी येत नाही, आणि वर ना ढग ना दिवस. ठरावीक तुकड्यांचे दर काही मिनिटांनी फोटो, सत्तरेक दिवसांचे असे सहा हंगाम. अंदाज आहे हजाराच्या वर, चौदाशेपर्यंत ग्रह, त्यात मंगळाएवढे हलकेही, शिवाय भटके वेगळे. आतापर्यंतच्या तीस वर्षांच्या मायक्रोलेन्सिंगने दिले त्याच्या पाच-सहापट, एका दुर्बिणीतून.

पण आकड्यापेक्षा मला जास्त आवडलेली गोष्ट हंगामांच्या वाटणीत आहे. ते सलग नाहीत, काही मोहिमेच्या सुरुवातीला आणि काही शेवटाला ठेवलेत, मध्ये काही वर्षं जातील अशा बेताने. तेवढ्यात पुढचे-मागचे तारे एकमेकांपासून थोडे सरकलेले असणार आणि रोमनची नजर इतकी तीक्ष्ण आहे की ते सरकणं तिचं तिलाच मोजता येईल, म्हणजे केकची वाट बघत दहा वर्षं थांबायला नको, 'बहुधा असा असेल'वाली वजनं जाऊन मोजलेली वजनं येतील, निदान बऱ्याच ग्रहांसाठी. आणि डेटा कोणासाठीही राखून ठेवणार नाहीत, आला की लगेच सगळ्यांना खुला. ज्यांना पायथन थोडंफार येतं त्यांनी आत्तापासून ओगलच्या जुन्या फायलींवर हात बसवायला हरकत नाही, एका भिंगाचा वक्र बसवायला चार-पाच ओळींचं सूत्र पुरतं, दोन भिंगांचा बसवायला लागलात की मग मात्र रात्री जातात.